नांगराची खबर आणि पंपाचे पत्रक
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शताब्दीच्या या व्याख्यानमालेत माझ्याआधी ज्ञानेश्वरीवर बोलणे झाले, नाट्यसंगीतावर बोलणे झाले, आणि आज माझ्या वाट्याला आलेला विषय आहे 'व्यापार-उद्योगातील वाचकासाठी वाचनीय लेखन'. कार्यवाहांनी त्यात 'संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावरील' अशी भर घातली आहे. पत्रिकेत हे नाव वाचून काही ज्येष्ठ सभासदांच्या कपाळाला आठ्या पडल्याचे मला समजले. तो त्यांचा हक्कच आहे. मी साहित्यिक नाही. बडोद्यातील एका यंत्रसामग्रीच्या कारखान्यात मी तीसहून अधिक वर्षे माहितीपत्रके, दरपत्रके, विक्रेत्यांना पाठवायची वार्तापत्रे आणि शेवटची काही वर्षे संकेतस्थळावरचा मजकूर लिहीत होतो. ज्याला लेखक म्हणून कोणी ओळखत नाही आणि ज्याचे लेखन चुकले तर मात्र सर्वांना कळते, अशा जातीचा मी माणूस.

तरीही हा विषय या वास्तूत अगदीच परका आहे असे मला वाटत नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले, पेट्यांत पुस्तके भरून ती खेडोपाडी फिरवली, ही हकीकत आपल्या परिचयाची आहे. त्याच्या वीस वर्षे आधी, १८९० साली, त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती कलाभवन सोपवून रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम यांचे शिक्षण देशी भाषेतून देण्याचा उपक्रम याच राजाने केला होता. १९१२ साली येथून निघू लागलेल्या 'लायब्ररी मिसेलनी' या त्रैमासिकात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तीन विभाग असत. वाचणारा माणूस आणि हाताने काम करणारा माणूस हे दोन वेगळे प्राणी आहेत, असे त्या काळच्या बडोद्याने मानले नव्हते. ते आपण पुढे मानू लागलो. आपल्या कपाटांत कथा-कादंबऱ्या डोळ्यांच्या रेषेत असतात आणि हिशेबशास्त्र, यंत्रशास्त्र सर्वांत खालच्या फळीवर, जिथे वाकावे लागते.

आता ज्याच्यासाठी लिहायचे तो वाचक कोण, हे पाहू. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा लहान कारखानदार डोळ्यांसमोर आणा. सकाळी वीज गेलेली आहे, एक कामगार आलेला नाही, बँकेतून फोन येऊन गेला आहे, आणि अशा वेळी तो आपला मजकूर उघडतो. तो वाचायला बसलेला नसतो. तो काहीतरी शोधत असतो. ही वस्तू माझ्या कामाची आहे का, किती दिवसांत मिळेल, बिघडली तर कोण येईल? एवढी तीन उत्तरे त्याला हवी असतात. आपण मात्र त्याला आपल्या संस्थापकांच्या दूरदृष्टीविषयी सांगू लागतो.

याची रीतसर पाहणीही झालेली आहे. जेकब नीलसन आणि जॉन मोर्क्स यांनी १९९७ साली अमेरिकेत वाचकांना पडद्यासमोर बसवून पाहिले. नवे पान उघडल्यावर शंभरांतले एकोणऐंशी जण ते वाचतच नव्हते, त्यावरून नुसती नजर फिरवत होते. शब्दन् शब्द वाचणारे अवघे सोळा. मग त्यांनी नेब्रास्का या संस्थानाच्या पर्यटनाविषयीचा एकच मजकूर पाच प्रकारे लिहून ५१ जणांपुढे ठेवला. शब्द निम्मे केले तेव्हा मजकुराची उपयुक्तता अठ्ठावन्न टक्क्यांनी वाढली. ठळक शब्द आणि मुद्दे यांची मांडणी केली तेव्हा सत्तेचाळीस टक्क्यांनी. मला सर्वांत विचारात पाडणारा आकडा तिसरा आहे. लांबी तीच ठेवून फक्त बढाईची विशेषणे काढून टाकली, तेवढ्यानेही सत्तावीस टक्के लाभ झाला. 'जगप्रसिद्ध', 'अतुलनीय', 'सर्वोत्कृष्ट' हे शब्द वाचकाला नुसते कंटाळवाणे वाटतात असे नव्हे, तर त्यातले खरे किती आणि खोटे किती हे मनातल्या मनात वजा करण्यात त्याची शक्ती खर्च होते. व्यापाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. भाव सांगणाऱ्याच्या बोलण्यातून वाढीव भाग वजा करणे हा तर त्याचा रोजचा उद्योग.

पडदा नवा आहे; प्रश्न जुना आहे. त्याचे उत्तर मराठीत एकदा फार चांगले दिले गेले होते, आणि ते देणारी माणसे लोखंडाच्या धंद्यातली होती. आजच्या बोलण्याचा मोठा भाग मी त्यांच्यासाठी राखून ठेवला आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे कडबा कापण्याचे यंत्र केले आणि लोखंडी नांगर केला. नांगर चांगला होता, पण त्याला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष कालवले जाते, असा शेतकऱ्यांचा समज होता. हा समज हसण्यावारी नेऊ नये. ज्याची सगळी पुंजी त्या चार बिघ्यांत आहे, त्याने नव्या वस्तूकडे संशयाने पाहिले तर तो मूर्ख ठरत नाही. तो सावध धंदेवाईकच ठरतो. १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. नांगर आता बऱ्यापैकी खपू लागले होते, तरी शेतकऱ्याच्या मनातली ती भिंत पुरती पडली नव्हती.

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर हे पेशाने चित्रकार. ते वाडीला आले आणि जाहिरातीचे काम पाहू लागले. १९२० साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' हे छोटेखानी मासिक सुरू केले. हेतू उघड व्यापारी होता. ग्राहक, एजंट आणि कारखान्यातली मंडळी यांच्याशी दर महिन्याला गाठ पडावी, कारखान्याची खबर त्यांना मिळावी, एवढाच. परदेशांतल्या कारखान्यांची अशी गृहपत्रे असतात, तसेच हे एक गृहपत्र. नुसत्या नांगराच्या स्तुतीवर ते चालवले असते, तर चार-सहा अंकांत संपले असते आणि आज त्याची आठवण ठेवण्याचे कारणही उरले नसते.

शंकररावांनी काय केले, ते जुने अंक चाळताना ध्यानात येते. त्यांनी अंकाचे केंद्र नांगरावरून उचलून नांगर घेणाऱ्या माणसावर नेऊन ठेवले. हा माणूस आणखी कशाची विवंचना करतो? त्याचा मुलगा शिकून नोकरीच्या मागे लागला आहे, त्याला धंदा करता येईल का? स्वतःच्या बळावर वर आलेली माणसे कशी वर आली? घरातल्या रूढी, कर्ज, आळस, देवभोळेपणा यांचे काय करायचे? असे विषय आले. चित्रे आली, व्यंगचित्रे आली. शंकररावांचा कुंचला तिखट होता, आणि 'टाकांच्या फेकी' या नावाने ही चित्रे पुढे गाजली. कारखान्याच्या मासिकाची वाट घरातल्या बायकाही पाहू लागल्या. १९२९ साली 'खबर' हा शब्द गळाला आणि ते नुसते 'किर्लोस्कर' झाले. पाठोपाठ १९३० साली 'स्त्री' निघाले, १९३४ साली 'मनोहर'. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध महाराष्ट्राने वाचले ते याच 'किर्लोस्कर'मधून. म्हणजे मुळात नांगर विकण्यासाठी काढलेल्या मासिकातून. आपल्यापैकी ज्यांच्या आजोळी ही मासिके येत असत, त्यांना मी काय सांगतो आहे ते अधिक सांगण्याची गरज नाही.

गंमत अशी की, अमेरिकेतल्या इलिनॉय संस्थानात जॉन डिअर यांची कंपनीही नांगरांचीच. तिने १८९५ साली 'द फरो', म्हणजे नांगराचे तास, हे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक सुरू केले आणि ते आजही निघते. हल्ली व्यवस्थापनाच्या वर्गांत ग्राहकाला उपयोगी मजकूर देऊन धंदा वाढवण्याचा आद्य नमुना म्हणून त्याचे नाव घेतात. आपल्याकडच्या मुलांना हे नाव ठाऊक असते आणि किर्लोस्करवाडीचे नसते, याचे मला वाईट वाटते. पण त्याचा दोष मुलांकडे किती आणि आपल्या खालच्या फळीकडे किती, हे ठरवणे कठीण आहे. दोन्हीकडे नांगरच असावा, हा निव्वळ योगायोग नसावा. नांगर रोज विकत घ्यायची वस्तू नाही. एकदा घेतला की कित्येक वर्षे चालतो. मग मधल्या वर्षांत त्या गिऱ्हाइकाशी बोलायचे तरी कशाबद्दल? त्याच्याबद्दल बोलावे लागते, दुसरे काही उरतच नाही.

'खबर' गळण्यामागे सावरकरांच्या भाषाशुद्धीचा आग्रह होता, असे सांगितले जाते. यावर थोडे विषयांतर करण्याची परवानगी घेतो. सावरकरांविषयी पूर्ण आदर ठेवूनही मला त्या शब्दाचे वाईट वाटते. बाजार, दुकान, माल, दलाल, नफा, जमा, खर्च, वसुली, हिशेब ही सगळी बाहेरून आलेली मंडळी आपल्या पेढीवर पिढ्यान् पिढ्या लोडाला टेकून बसलेली आहेत. त्यांना उठवले तर दुकानच बंद करावे लागेल. आपल्या बडोद्याने या बाबतीत निराळी वाट धरली होती. १९३१ साली येथून निघालेल्या 'सयाजीशासनशब्दकल्पतरु'त राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांतून शेजारी शेजारी मांडले आहेत. इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली. कोशकारांनी जे शब्द सुचवले ते सगळेच रुळले असे नाही, परंतु कोणता शब्द कोण वापरतो हे आधी पाहायचे आणि मग निवडायचे, ही शिस्त त्यात दिसते. मला ती शिस्त फार उशिरा लागली. कशी लागली, ते आता सांगतो. यात दोष सर्वस्वी माझा आहे.

आमच्या कारखान्यात शेतीचे पंप होत. खानदेशात माल पाठवायचा होता म्हणून मराठी माहितीपत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. कार्यालयात मराठी लिहिणारा मीच. मी मोठ्या उत्साहाने बसलो. आपले बडोदेकर मराठी आपल्याला ठाऊक आहे; घरात बोलतो ते गुजरातीच्या शेजाराने मऊ झालेले, आणि लिहायला बसलो की शाळेतले जडजंबाल. पत्रकाच्या पहिल्या पानावर मी 'उत्कृष्ट कार्यक्षमतेचा अनुभव घ्या' असे इंग्रजीवरून उचललेले वाक्य घातले. विहिरीत नळाच्या तळाशी जी झडप बसवतात, तिला मी 'पाद-झडप' म्हटले. चार रंगांत छपाई झाली. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

महिन्याभराने जळगाव भागातल्या एका विक्रेत्याचे आंतरदेशीय पत्र आले. मजकूर थोडक्यात असा होता. पत्रक देखणे आहे, आम्ही भिंतीला लावले आहे. पण मोटार पाणी उचलत नाही म्हणून शेतकरी रात्री दुकानदाराच्या घरी येतो, तेव्हा त्याला काय सांगायचे ते यात नाही. मागचे झाकण उघडायला कितीचा पाना लागतो, तेही नाही. आणि पाद-झडप म्हणजे काय, हे आम्हाला कोणालाच कळले नाही. आमच्याकडे त्याला फुटबॉल म्हणतात.

फुटबॉल! इंग्रजी फूट-व्हॉल्व्हचे शेतकऱ्यांनी केलेले हे नामकरण. मी आधी हसलो आणि मग मला शरम वाटली. तीनशे किलोमीटरवरच्या माणसाला पाणी मिळावे म्हणून लिहिलेल्या कागदात, ज्या भागामुळे पाणी अडते त्याचे नावच त्याला कळेना. मी त्या माणसासाठी लिहिलेच नव्हते. पाठ थोपटणाऱ्या वरिष्ठांसाठी लिहिले होते. धंद्याच्या लेखनातला हा सर्वांत सामान्य दोष आहे, आणि आज पडद्यावर तर तो पानोपानी दिसतो. मजकूर मंजूर करणारा वेगळा आणि वाचणारा वेगळा. लिहिणाऱ्याचा पगार पहिल्याच्या हातात असतो.

मी रजा टाकली नाही, दौऱ्याची परवानगी मागितली. चार दिवस विक्रेत्यांच्या दुकानांत बाकावर बसून राहिलो. तिथे ऐकलेले शब्द एका वहीत उतरवले. 'पंपाने हवा धरली', 'मोटार गरम बोलते', 'पाणी तुटक येते'. यंत्र आजारी पडले की माणूस कोणत्या शब्दांत तक्रार करतो, ते त्या वहीत जमा झाले. पुढे संकेतस्थळाचे काम आले तेव्हा तीच वही कामी आली. कारण शोधणारा माणूस 'कार्यक्षमता' शोधत नाही, 'मोटार पाणी उचलत नाही' असेच शोधतो. त्याच्या तक्रारीचे शब्द आपल्या मथळ्यात असतील तर तो आपल्यापर्यंत पोहोचतो, एरवी आपण कितीही सुंदर लिहिले तरी ते अंधारात ठेवलेल्या मूर्तीसारखे. पडद्यावरच्या लेखनाचे पुष्कळ शास्त्र अलीकडे सांगितले जाते. त्यातले बरेचसे मला त्या बाकावर आधीच मिळाले होते.

या ठिकाणी हल्लीच्या एका प्रवृत्तीचा उल्लेख करणे भाग आहे. लक्ष वेधणे म्हणजे वाचकाच्या कोटाची बाही ओढणे, असा समज झाला आहे. 'हे वाचून तुम्हाला धक्का बसेल' असे मथळे देऊन माणसाला आत बोलवायचे आणि आत रिकामे दुकान दाखवायचे. कथा वाचणारा वाचक एखाद्या वेळी क्षमा करील. व्यापारी करीत नाही. त्याचा वेळ गेला म्हणजे पैसा गेला, आणि पैसा कोणी नेला हे तो विसरत नाही. आता तर यंत्रेही मजकूर लिहून देतात. मी ती वापरून पाहिली. वाक्ये गुळगुळीत येतात, व्याकरण माझ्यापेक्षा बरे असते. पण पाना सोळा-सतराचा लागतो की अठरा-एकोणीसचा, हे कोणीतरी झाकणाशी बसून पाहिल्याशिवाय त्यांनाही कळत नाही.

उलट, दांडिया बाजारात दिवाळीचा फराळ करून विकणाऱ्या एका बाई मला ठाऊक आहेत. त्यांच्याकडून माल घेणारे दुकानदार आणि कचेऱ्यांची उपाहारगृहे पुष्कळ. रोज सकाळी त्या फोनवरून सर्वांना चार ओळी पाठवतात. भाजणी परवा दळली, चकली काल तळली. अनारसे संपले, आता गुरुवारी. शेव या वेळी थोडी जाड पडली आहे, हवी असेल तर भाव कमी. एवढेच. ते सर्वजण वाचतात. कोणी एक दिवस चुकवत नाही. त्यांना मी एकदा विचारले, शेव जाड पडली हे सांगायची काय गरज? त्या म्हणाल्या, "अहो, पुडा उघडल्यावर दिसणारच आहे की."

हे वाक्य ऐकले आणि मला माझे दुसरे पत्रक आठवले. त्याविषयी सांगून थांबतो, कारण आपल्या कार्यवाहांचे लक्ष घड्याळाकडे गेलेले मला दिसते आहे.

दौऱ्यावरून परत आल्यावर मी पत्रक नव्याने लिहिले. पहिल्याच पानावर, चित्राखाली, ठळक अक्षरांत एक ओळ घातली: 'पंपापासून पाण्याची पातळी सात मीटरपेक्षा खोल असेल, तर हा पंप घेऊ नये.' यात माझे काही पांडित्य नव्हते. जमिनीवर बसवलेला पंप पाणी खेचतो म्हणजे वस्तुतः हवेचा दाब ते वर ढकलतो. हिशेबाने ती मर्यादा दहा मीटरच्या थोडी पुढे जाते, आणि नळातले घर्षण, सांध्यांतली गळती धरता व्यवहारात सात-आठ मीटरवर गाडी अडते. आमचे सगळे अभियंते हे जाणत होते. ते कागदावर मात्र कुठेही नव्हते. उन्हाळ्यात विहिरींची पातळी खाली गेली की तक्रारींचा पाऊस पडे, आणि आम्ही शेतकऱ्यालाच झडप नीट बसवली नाही म्हणून सांगत असू.

विक्रीविभागाने ती ओळ काढायला सांगितली. कोणता दुकानदार आपल्या पाटीवर 'येथे घेऊ नका' असे लिहितो, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. त्यांना दर महिन्याला आकडा द्यावा लागे, मला नव्हे. किर्लोस्करांच्या मासिकाची गोष्ट मी त्यांना सांगून पाहिली. ते म्हणाले, "त्यांनी तरी आपल्या नांगराचा दोष आपल्याच मासिकात कधी छापला होता का?" याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. गृहपत्र कितीही मोठे झाले तरी ते कोणाच्या घरचे आहे, हे त्याला विसरता येत नाही. ही अडचण माझ्यापुरती मी कधीच पूर्ण सोडवू शकलो नाही.

बऱ्याच ओढाताणीनंतर ओळ राहिली. एका वर्षापुरती, असे ठरले. पुढच्या उन्हाळ्यात जळगावच्या त्याच विक्रेत्याचे पत्र आले. त्याच्या एका गिऱ्हाइकाने पत्रक वाचून आमचा पंप घेतला नाही. विहीर खोल होती, म्हणून त्याने दुसऱ्या कंपनीचा पाणबुडी पंप घेतला. विक्रीप्रमुखांनी ते पत्र माझ्या टेबलावर आणून ठेवले आणि काहीही न बोलता गेले. मी दिवसभर त्या पत्राकडे पाहत बसलो होतो.

वर्ष संपले. नवी आवृत्ती छापायला जायची होती, म्हणून मी मुद्रिते त्यांच्याकडे मंजुरीला पाठवली आणि ती ओळ स्वतःच पेन्सिलीने कंसात टाकली. मुद्रिते संध्याकाळी परत आली. त्यांनी माझा कंस खोडरबराने पुसला होता आणि ओळीत एकच दुरुस्ती केली होती. 'घेऊ नये' याच्या पुढे त्यांच्या हस्ताक्षरात लिहिले होते: 'आधी विहीर मोजून घ्यावी.'